उशिरा पोहोचलेला शब्द

पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावरील करकंबसारख्या बाजाराच्या गावात दूरध्वनीवरचे बोलणे ही एके काळी हिशोबाची बाब होती. पुण्यास किंवा मुंबईस बोलायचे असल्यास ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, अर्जंट की लायटनिंग हे नोंदवतानाच सांगावे लागे, आणि मग पेढीवरचा एक माणूस घंटेची वाट पाहत बसे. जोडणी मिळाली की तीन मिनिटांची आकारणी सुरू होई. समोरचा व्यापारी ‘थांबा, वही पाहून सांगतो’ म्हणून उठला तरी आकार चालूच राही. त्या व्यवस्थेत यात अन्याय काहीच नव्हता. दोन टोकांमधली संपूर्ण वाट त्या दोघांसाठी राखून ठेवलेली असे. ती वापरली काय आणि रिकामी राहिली काय, तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाला देता येत नसे. लॉकर भाड्याने घेऊन त्यात काहीच ठेवले नाही म्हणून भाडे माफ होत नाही, तसाच हा प्रकार.

दोन माणसांच्या संभाषणात एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. म्हणजे जाण्याची आणि येण्याची अशा दोन वाटांपैकी एक सदैव रिकामी. शिवाय श्वास घेणे, आठवणे, खोकणे यांतही वेळ जातो. निम्म्याहून अधिक राखीव जागा रिकामी आणि भाडे मात्र पूर्ण, ही गोष्ट खरे तर व्यापारी बुद्धीला खटकायला हवी होती. ती खटकली संगणकवाल्यांना.

संगणकांचे जाळे १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट या नावाने सुरू झाले, तेव्हा त्याची रचनाच निराळी होती. तेथे कोणासाठी वाट राखून ठेवत नसत. पाठवायच्या मजकुराचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक लिहायचा आणि तो सर्वांच्या सामाईक वाटेवर सोडून द्यायचा. आपल्या मालवाहतुकीच्या भाषेत बोलायचे तर शंभर डागांची रवानगी, आणि प्रत्येक डागाची बिल्टी वेगळी. डाग वेगवेगळ्या गाड्यांनी जातील, मागेपुढे पोहोचतील. मुक्कामी क्रमांक पाहून ते लावून घ्यायचे. एखादा डाग आला नाही तर पाठवणाऱ्यास कळवायचे, त्याने त्याची दुसरी प्रत पाठवायची. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. हिशोबाच्या कामाला ही पद्धत उत्तम, कारण खतावणीतला एकही आकडा गळून चालत नाही. तो दोन मिनिटे उशिरा आला तर मात्र काही बिघडत नाही.

याच जाळ्यातून माणसाचा आवाज नेता येईल काय, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. पहिली अडचण आकाराची होती. आवाज आकड्यांत मांडायचा तर हवेतील कंपनांची सेकंदाला ८,००० वेळा मोजणी करावी लागते आणि प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहावी लागते. एकूण सेकंदाला ६४,००० बिट. अर्पानेटच्या तारांची क्षमता सेकंदाला ५०,००० बिटांची. दारापेक्षा कपाट मोठे! तेव्हा आवाज आवळणे भाग होते, आणि येथे एका भारतीयाचे नाव येते. कानपूरला जन्मलेले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत होते. आवाजातील पुढची मोजणी मागच्या काही मोजण्यांवरून बऱ्याच अंशी वर्तवता येते, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र. जपानमध्ये इटाकुरा यांनीही स्वतंत्रपणे तेच साधले होते. गेल्या आठवड्याचे भाव पाहून उद्याच्या भावाचा अंदाज बांधणाऱ्या व्यापाऱ्यास ही कल्पना परकी वाटणार नाही. अंदाज कसा बांधायचा याचे नियमच तेवढे पाठवायचे. ऐकणाऱ्याकडील यंत्र त्यावरून आवाज नव्याने घडवते. १९७४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील कलर-हॅरिसन कंपनी आणि मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्यात अशा आवळलेल्या आवाजात दुतर्फा बोलणे झाले. त्याला सेकंदाला अवघे ३,५०० बिट पुरले. आवाज यंत्रमानवासारखा येई, पण शब्द कळत.

दुसरी अडचण अधिक खोल होती आणि ती ओळखण्याचे मोठे श्रेय डॅनी कोहेन यांना जाते. अर्पानेटवर आवाज नेण्याचे नियम त्यांनी आखले. त्यांच्या ध्यानात आले की हरवलेला डाग पुन्हा मागवण्याची जी पद्धत हिशोबाला तारते, तीच आवाजाला मारते. एक तुकडा हरवला, तो पुन्हा मागवला, तोवर मागचे सर्व तुकडे दारात खोळंबले. ऐकणाऱ्यास मध्येच मुकेपणा आणि मग शब्दांची चेंगराचेंगरी. त्यापेक्षा हरवलेला तुकडा सोडून द्यावा. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा आवाज गेला तर कानाला बहुधा कळतही नाही. परंतु वेळ टळल्यावर आलेला तुकडा निरुपयोगी, कारण ज्या शब्दात तो बसायचा तो शब्द उच्चारून संपलेला असतो. टॅनेनबॉम यांच्या संगणक जाळ्यांवरील प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात या दोन धोरणांना मद्य आणि दूध अशी नावे दिलेली आढळतात. एक जुने चांगले, दुसरे ताजे. या मासिकाच्या वाचकांसाठी मद्याच्या जागी जुना गूळ ठेवला तरी अर्थ बदलत नाही.

या निरीक्षणाचा परिणाम मोठा झाला. इंटरनेटचे नियम तेव्हा व्हिंट सर्फ आणि त्यांचे सहकारी आखत होते, आणि मूळ आराखड्यात वाहतूक व खात्रीची पोहोच ही दोन्ही कामे एकाच नियमावलीत गुंफलेली होती. कोहेन यांनी ती वेगळी करण्याचा आग्रह धरला आणि १९७८ साली ती वेगळी झाली. नुसती वाहतूक एका थरात गेली, पोहोच घेण्याची जबाबदारी दुसऱ्या थरात. ज्याला पोहोच हवी त्याने ती मागावी. ज्याला वेग हवा त्याने बिल्टीशिवाय माल टाकून मोकळे व्हावे. आज बँकेचा व्यवहार पहिल्या मार्गाने जातो आणि फोनवरचे बोलणे दुसऱ्या. वायर तीच.

लांबच्या जाळ्यावर हे चालले असताना एकाच इमारतीतील, एकाच संस्थेतील संगणक जोडणारी स्थानिक जाळीही जन्मास आली होती, आणि आवाजाचे खरे रोजच्या वापरातले प्रयोग तेथे झाले. झेरॉक्स हे नाव आपल्याकडे प्रत्येक छायाप्रतीच्या दुकानाने अजरामर केले आहे. त्या कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटवर काम सुरू केले. सर्व संगणक एकाच तारेवर. बोलण्यापूर्वी प्रत्येकाने कान द्यायचा. तार शांत असेल तर बोलायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचे आणि आपापल्या परीने थोडा कमीजास्त वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. बाजार समितीतल्या सौद्यात दोन बोली एकदम पडल्यावर जे होते तेच. पद्धत स्वस्त आणि साधी, पण तिच्यात एक गोष्ट नाही: आपली पाळी अमुक वेळात येईलच, ही हमी.

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी उलट रचना केली. तेथे तारेचे कडे होते आणि त्यात ठरावीक मापाचे रिकामे कप्पे सतत फिरत राहत. रिकामा कप्पा समोर आला की संगणकाने त्यात दोन बाइटांचा मजकूर टाकायचा. हे म्हणजे थेट विहिरीवरचे रहाटगाडगे. पोहरा लहान, पण तो येणार हे नक्की. आवाजाला असा स्वभाव मानवतो आणि केंब्रिजमध्ये त्या कड्यावरून दूरध्वनीचे बोलणे चालवूनही दाखवले गेले. तर्काने पाहिले तर या रहाटानेच बाजी मारायला हवी होती.

परंतु आवाजाचा सर्वांत बोलका प्रयोग हमी नसलेल्या इथरनेटवरच झाला. १९८०च्या दशकाच्या आरंभी झेरॉक्सच्या त्याच केंद्रात इथरफोन नावाचे यंत्र तयार करण्यात आले. हा साध्या दूरध्वनीसारखाच, पण त्याच्या पोटात स्वतःचा छोटा संगणक, आणि तो इथरनेटला जोडलेला. आवाज तुकड्यांत जाई आणि कोणी चोरून ऐकू नये म्हणून सांकेतिक करून जाई. बोलणे एका यंत्रावर साठवून ठेवता येई आणि लिखित मजकुराप्रमाणे कापता-जोडता येई. प्रत्येकाला आपली स्वतःची घंटेची धून निवडता येई, म्हणजे मोठ्या दालनात घंटा कोणाची हे न पाहता कळे. आज मोबाइलवरची धून बदलणाऱ्या मुलांना ही कल्पना किती जुनी आहे हे ठाऊक नसते. असे सुमारे ५० इथरफोन त्या केंद्रात रोजच्या वापरात होते.

ज्या इथरनेटवर ते जोडले होते त्याची क्षमता सेकंदाला १५ लाख बिट होती. एका संभाषणास दोन्ही बाजूंचे मिळून १,२८,००० बिट लागतात. हिशोब मांडला तर एका वेळी जेमतेम दहाएक संभाषणे निभावतील. मग ५० यंत्रे कशी? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही बँकेच्या रोखपालास ठाऊक असते. सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढण्यास येत नाहीत. म्हणून तिजोरीत सर्व ठेवींएवढी रोकड ठेवावी लागत नाही. अनुभवाने ठरवलेला एक अंश पुरतो आणि उरलेला पैसा कामाला लागतो. जुना दूरध्वनी प्रत्येक बोलणाऱ्यामागे शंभर टक्के रोकड ठेवत होता. पॅकेटच्या जाळ्याने अंशात्मक राखीव निधीचे तत्त्व आवाजाला लावले. अर्थात ज्या दिवशी सारे ठेवीदार रांगेत उभे राहतात, त्या दिवशी काय होते हेही बँकेस माहीत असते. सणाच्या दिवशी किंवा भाव कोसळल्याच्या बातमीनंतर फोनवरचा आवाज तुटू लागतो, त्याचे कारण बहुधा हेच.

राखीव साठ्याचे तत्त्व आणखी एका ठिकाणी उपयोगी पडले. तुकडे पाठवताना सारख्या अंतराने निघतात, पण वाटेत कोणी रेंगाळतो, कोणी लवकर येतो. ऐकणाऱ्या यंत्राने आला तुकडा तसाच वाजवला तर आवाज अडखळतो. म्हणून पहिला तुकडा मुद्दाम थोडा वेळ अडवून ठेवतात, मागचे काही जमू देतात आणि मग एका लयीत वाजवतात. वखारीत थोडा माल शिल्लक ठेवला की गाडी उशिरा आली तरी दुकान बंद पडत नाही. मात्र साठा फार केला तर वेगळीच हानी. एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूस पोहोचण्यास सेकंदाच्या सुमारे सातव्या भागापेक्षा, म्हणजे १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला की माणसे एकमेकांवर बोलू लागतात. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत हाच आकडा आहे. उपग्रहावरून परदेशी बोललेल्या जुन्या पिढीला तो अवघडलेपणा आठवेल: आपण विचारावे, उत्तर नाही म्हणून पुन्हा विचारावे, आणि तेवढ्यात पहिल्याचे उत्तर येऊन आदळावे.

शेवटी जिंकले इथरनेटच. ते स्वस्त होते, आणि त्याची क्षमता इतकी वाढत गेली की रांगच लागेनाशी झाली. हमी देणाऱ्या महाग व्यवस्थेला हमी न देणारी, पण ऐसपैस आणि स्वस्त व्यवस्था हरवते, हे व्यापारात नवे नाही. अभियंत्यांना ते पचवायला वेळ लागला.

या साऱ्या खटाटोपात शब्द ही एक वस्तू मानली गेली: मोजता येणारी, तुकडे होणारी, वाटेत हरवणारी. जैन दर्शनाच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही दिसेल. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी शब्दाची गणना पुद्गलाच्या पर्यायांत केली आहे. न्याय-वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला. जैन आचार्यांना ते मान्य नव्हते, कारण शब्द अडतो, आदळतो आणि प्रतिध्वनी होऊन परत येतो. यावरून आपल्या पूर्वाचार्यांना संगणकाचे जाळे ठाऊक होते असे सांगत सुटणाऱ्यांनी त्या ग्रंथाचा उपकार केलेला नाही. एवढे मात्र खरे की शब्दाला वस्तू मानण्याची सवय ज्या परंपरेला आहे, तिच्या वाचकाला या अभियंत्यांची विचारपद्धती चटकन कळावी.

आपल्या देशात आकड्यांत मांडलेला आवाज खेड्यापर्यंत पोहोचला तो सी-डॉटच्या छोट्या ग्रामीण एक्स्चेंजमुळे. १२८ जोडण्यांचे हे यंत्र वातानुकूलनाशिवाय चालत असे आणि १९८६ साली ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसवण्यात आले. आवाज आकड्यांचा झाला होता, पण वाट अजून राखीवच होती. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि परदेशी असलेल्या मुलाशी संगणकावरून जवळजवळ फुकट बोलण्याचे तंत्रही त्याच सुमारास बाजारात आले. ते भारतात वापरण्यास मात्र परवानगी नव्हती. लांबच्या बोलण्यावर सरकारी दूरसंचाराची मिळकत उभी होती, हे ध्यानात घेतले की त्या निर्बंधाचे नवल वाटत नाही. १ एप्रिल २००२ पासून तो काही मर्यादांसह उठला. या काही वर्षांत किती कुटुंबांनी आयएसडीची बिले भरली, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

महाराष्ट्रातील एक प्रयत्न येथे आवर्जून सांगण्याजोगा आहे. पवईच्या आयआयटीतील भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००९ साली गावापुरत्या स्थानिक बोलण्याची एक रचना मांडली. गावातील माणसाला बरेचदा गावातल्याच माणसाशी बोलायचे असते, हा तिचा पाया. करकंबच्या पेठेतून मळ्यावरच्या भावाला ‘गाडी आली, माणसे पाठव’ एवढेच सांगायचे, तरी मोबाइलचा शब्द दूरच्या शहरातील यंत्रापर्यंत जाऊन परत येऊ शकतो. पवईच्या रचनेत त्याऐवजी संवेदकांसाठी बनलेले, अत्यल्प विजेवर चालणारे स्वस्त रेडिओ वापरले होते. त्यांची क्षमता सेकंदाला अवघी अडीच लाख बिट, शिवाय शब्द एका रेडिओकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जाणार. म्हणून त्याच गटाने पुढील कामात कोणी कोणत्या क्षणी बोलायचे याच्या पाळ्या काटेकोर लावून दिल्या. जागा जेथे तुटपुंजी, तेथे केंब्रिजचे रहाटगाडगे असे पुन्हा उपयोगी पडते.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात जुन्या पद्धतीची राखीव वाट नव्हतीच. बोलणेही पॅकेटांतूनच जाई. आता बहुतेकांचे बोलणे तसेच जाते, आणि व्यापाऱ्याने त्यातील एक खुबी ओळखून असावे. तुकडा हरवला की ऐकणारे यंत्र स्वस्थ बसत नाही. मागच्या आवाजाची लहर पुन्हा वाजवून ते भोक बुजवते. एका प्रचलित पद्धतीत ही भर हळूहळू मंद करत ६० मिलिसेकंदांत विरवून टाकतात. एखादा तुकडा गेला असेल तर शब्द शाबूत राहतो. सलग दहा गेले तर अक्षरच जाते, आणि ते गेल्याची खरखर किंवा सूचना काहीच मिळत नाही. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात त्रेसष्ट आणि त्रेपन्न यांचा आरंभ सारखाच आहे. आवाज स्वच्छ होता, ही साक्ष अशा वेळी पुरेशी नाही. यंत्राने तो स्वच्छ करून दिलेला असू शकतो.

बँकांत तारेने पैसे पाठवण्याचा काळ होता तेव्हा तारेतील रकमेवर कोणी विसंबत नसे. रक्कम, तारीख यांवरून काढलेला एक सांकेतिक आकडा तारेत घातलेला असे. घेणारी शाखा तो आपल्याकडील गुप्त तक्त्यावरून स्वतंत्रपणे काढी, दोन्ही जुळले तरच रक्कम चुकती होई, आणि मागाहून टपालाने पुष्टीपत्र येई. आजच्या हातातल्या फोनवर दोन्ही सोयी शेजारीशेजारी आहेत. बोलणे दुधाच्या नियमाने जाते, लेखी संदेश गुळाच्या. भाव ‘त्रेसष्ट’ म्हणून झाल्यावर ‘सहा-तीन’ असा सुटा उच्चारावा, समोरच्याकडून तो परत म्हणून घ्यावा, आणि फोन ठेवताच भाव, डाग आणि पोहोचण्याचा दिवस एका ओळीत लिहून पाठवावा. व्हॉट्सॲपवर त्या ओळीपुढे आधी एक खूण उमटते आणि संदेश समोरच्याच्या फोनवर उतरला की दुसरी. ती दुसरी खूण म्हणजे पोहोच. बोललेल्या ‘त्रेसष्ट’ची अशी पोहोच फोन देत नाही.